विचाराला देह लाभतो तेव्हा : खानदेशातील दोन पांडुरंग

पूर्व खानदेशातील फैजपूर या गावाचे नाव देशाच्या इतिहासात नोंदले गेले ते डिसेंबर १९३६ मध्ये. राष्ट्रीय सभेची अधिवेशने तोवर शहरांतून भरत असत. ते खेड्यात भरावे, खेड्यातील माणसांच्या कष्टाने उभे राहावे, असा महात्मा गांधींचा आग्रह होता. त्याप्रमाणे सभेचे पन्नासावे अधिवेशन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली फैजपूरला भरले. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपार कष्ट घेतले. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, जवळपास मिळणाऱ्या सामग्रीतून ‘टिळकनगर’ सजवले. शेतकऱ्यांच्या कर्जाचा आणि शेतसाऱ्याचा प्रश्न ऐरणीवर आणणारा ठरावही याच मांडवात संमत झाला.

या अधिवेशनासाठी खानदेशातील खेडी पायाखाली घालणाऱ्या कार्यकर्त्यांमध्ये एक माजी शिक्षक होते : पांडुरंग सदाशिव साने. महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी या नावाने ओळखतो. त्यांचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, प्रसिद्ध झाले होते. अधिवेशनाचा मांडव उतरून दीड वर्षही झाले नव्हते, तोच फैजपूरच्या परिसरातील सांगवी या गावी २७ मे १९३८ रोजी एका शेतकरी कुटुंबात भालचंद्र वनाजी नेमाडे यांचा जन्म झाला. पंचवीस वर्षांनी, १९६३ मध्ये, त्यांची ‘कोसला’ ही कादंबरी आली. तिच्या नायकाचे नाव पांडुरंग सांगवीकर.

असे हे दोन पांडुरंग. एक हाडामांसाचा लेखक, दुसरा लेखकाने कल्पिलेला तरुण. एकाने आईच्या मायेवर श्रद्धेचे मंदिर उभारले. दुसऱ्याने सगळ्याच मंदिरांच्या उंबरठ्यावर संशयाने पाऊल अडखळवले. एकाच मातीशी नाते सांगणाऱ्या या दोन पुस्तकांच्या साहाय्याने एका जुन्या प्रश्नाचा विचार करता येईल. लेखकाची जीवनदृष्टी त्याच्या पात्रांना कशी घडवते? आणि ती दृष्टी पात्राला प्राण देते केव्हा व त्याचा प्राण घेते केव्हा?

हा प्रश्न केवळ समीक्षकांचा नाही. मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे आणि कोणते देऊ नये, याची चिंता आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घरात असते. शिवाय आपल्यातील अनेक जण लिहितात. श्रद्धावान माणसाने लिहिलेली कथा श्रद्धेमुळे सकस व्हावी, की श्रद्धेमुळे तिची पात्रे पुतळ्यांसारखी निर्जीव व्हावीत, हे आपल्याला ठरवावे लागते.

प्रथम साने गुरुजींकडे वळू. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातील पालगडचा. खानदेशात त्यांना आणले ते तत्त्वज्ञानाने. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्यातून अमळनेरला १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले होते आणि वेदान्ताच्या, विशेषतः अद्वैताच्या, अभ्यासासाठी तेथे विद्यार्थी येत असत. पांडुरंग साने त्यांपैकी एक. परंतु त्यांचे मन तेथे रमले नाही. १९२४ मध्ये ते त्याच गावातील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले व छात्रालयातील मुलांचे पालक बनले. मुलांची अंथरुणे आवरणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, त्यांच्यासाठी रोज हस्तलिखित दैनिक काढणे ही त्यांची दिनचर्या झाली. तत्त्वज्ञान मंदिरातून छात्रालयात जाणे म्हणजे तत्त्वज्ञान सोडणे नव्हते. पुढे ‘भारतीय संस्कृती’ या ग्रंथात त्यांनी अद्वैताचा जो अर्थ लावला, त्याचे सार असे की, सर्वांत एकच आत्मा आहे असे म्हणणाऱ्याने शेजाऱ्याची भूक आपली मानली नाही, तर त्याचे अद्वैत तोंडापुरतेच राहते.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंग हे त्यांचे दुसरे विद्यापीठ झाले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचन करीत. ती अठरा प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्यासमोर आहे. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतांश भाग अवघ्या काही दिवसांत लिहून काढला. त्यांची आई यशोदा १९१७ मध्येच निवर्तली होती. तत्त्वज्ञान मंदिर, छात्रालय, गीतेवरील प्रवचने आणि आईची आठवण हे सारे प्रवाह त्या लहानशा पुस्तकात एकत्र आले.

पुस्तकाची रचना साधी आहे. आश्रमात श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. प्रत्येक आठवणीत काहीतरी बोध आहे. एखाद्या सामान्य लेखकाच्या हाती असे पुस्तक नीतिपाठांची जंत्री झाले असते. ते तसे का झाले नाही? याचे एक कारण असे की, साने गुरुजींनी आईच्या तोंडी स्वतःचे तत्त्वज्ञान घातले नाही. आई जशी होती तशी त्यांनी राहू दिली. ही माउली रागावते, मानी आहे, कर्जाने होरपळलेली आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन अद्वातद्वा बोलतो, तेव्हा ती क्षमेचे प्रवचन करीत नाही. तिचा संताप उसळतो. श्याम पोहायला घाबरून लपून बसतो, तेव्हा ती त्याला झोडपून काढते.

एका प्रकरणाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. महार समाजातील एका म्हातारीची लाकडांची मोळी वाटेत पडते. ती उचलून पुन्हा तिच्या डोक्यावर द्यायला कोणी पुढे होत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला हात दे. आणि त्याबरोबरच हेही सांगते की, घरी आल्यावर अंघोळ कर.

त्या अंघोळीपाशी आपण थोडे थांबले पाहिजे. हे लिहिणारा माणूस अस्पृश्यता हे पाप मानणारा होता. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी केलेल्या उपोषणाने सारा देश हलला होता, आणि त्यानंतर काही महिन्यांतच हे पुस्तक लिहिले गेले. पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून याच माणसाने आपले प्राण पणाला लावून दहा दिवस उपवास केला आणि मंदिराची दारे उघडली. अशा लेखकाला आईचे ते एक वाक्य गाळणे किती सोपे होते! ते गाळले असते तर आई अधिक पुरोगामी दिसली असती, लेखकाच्या मताशी तंतोतंत जुळली असती आणि वाचकालाही अवघडल्यासारखे झाले नसते. गुरुजींनी ते ठेवले. त्या पिढीतल्या एका ब्राह्मण स्त्रीचा हात करुणेने किती पुढे जाऊ शकत होता आणि रूढीने कोठे अडत होता, हे दोन्ही त्यामुळे आपल्याला दिसते. आईने सुरू केलेली वाट मुलाने पंढरपूरपर्यंत नेली. मुलाची मजल आईच्या नावावर मांडली असती, तर ते आईवरचे प्रेम ठरले नसते. ती तिच्याविषयीची खोटी साक्ष ठरली असती.

याच्या उलट उदाहरण शोधायला आपल्याला परक्यांच्या दारी जाण्याची गरज नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा बहुधा उल्लेख होतो, ती ‘यमुनापर्यटन’ (१८५७) एका ख्रिस्ती लेखकाची, बाबा पदमनजी यांची. हिंदू विधवांच्या हालअपेष्टा इतक्या स्पष्टपणे मांडणारे पुस्तक त्या काळी लिहिणे हे धैर्याचे काम होते आणि त्याबद्दल मराठी समाजाने त्यांचे ऋणी राहिले पाहिजे. परंतु कादंबरी म्हणून पाहिले तर यमुनेला स्वतःचे असे मन फारसे नाही. ती पाहते ते लेखकाने दाखवलेले, बोलते ते लेखकाने शिकवलेले. शेवटी ती वैधव्याचे दुःख सोसून ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. हे तिच्या अंतःकरणातील झगड्याचे फळ असण्यापेक्षा लेखकाच्या प्रतिपादनाचा निष्कर्षच अधिक वाटतो. श्रद्धा खरी, कळकळ खरी, पण पात्राला नाही म्हणण्याची मुभा नाही.

ती मुभा काय असते हे पाहायचे असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ उघडावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षे विरहाची, संतापाची आणि लोकनिंदेची. त्या वर्षांतील आपले सोवळेओवळे, पतीवरचा राग, नव्या धर्माविषयीची अढी, यांपैकी काहीही लक्ष्मीबाईंनी झाकले नाही. उलट स्वतःला हसत हसत ते सांगितले. ख्रिस्ती झाल्यानंतर लिहिणाऱ्या एखाद्या स्त्रीला आपला पूर्वीचा हट्ट सौम्य करून सांगण्याचा मोह झाला असता. लक्ष्मीबाईंना तो झाला नाही, म्हणूनच त्यांचे परिवर्तन वाचकाला पटते. या दोन्ही लेखकांचा पंथ आपला नव्हे, पण त्यांचा धडा आपल्याही कामाचा आहे.

आता दुसऱ्या पांडुरंगाकडे येऊ. सांगवीचा हा मुलगा शिकायला पुण्याला जातो. वसतिगृह, खाणावळी, मित्रमंडळी, वादसभा, परीक्षा या सगळ्यांतून जाताना त्याला मोठमोठ्या शब्दांचा वीट येऊ लागतो. शिक्षणात तो अपयशी ठरतो. वडिलांशी त्याचे जमत नाही. धाकटी बहीण मनी मरण पावते आणि त्या दुःखावर पुस्तकात कोणतीही फुंकर घातलेली नाही. अखेर तो गावी परततो. उधळ्या पुत्राच्या दाखल्याची आपल्याला आठवण व्हावी असे हे परतणे आहे, पण येथे बाप धावत सामोरा येत नाही आणि पुष्ट वासरूही कापले जात नाही.

‘कोसला’ आली तेव्हा अनेकांना ती नकाराची कादंबरी वाटली, आणि आजही काही पालकांना ती तरुणांच्या हाती देण्यासारखी वाटत नाही. नेमाडे यांची भूमिका पुढे ‘देशीवाद’ या नावाने स्पष्ट झाली. साहित्य आपल्या भूमीतून, आपल्या बोलीतून, आपल्या लोकांच्या जगण्यातून उगवले पाहिजे. उसन्या कल्पनांवर पोसलेले साहित्य खोटे होते, असा तिचा गाभा. महानुभावांचे जुने मराठी गद्य आणि तुकाराम यांच्याशी त्यांचे नाते जवळचे आहे. २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. परंतु ‘कोसला’च्या वेळी हा सिद्धान्त अजून तयार व्हायचा होता. तेथे होता तो केवळ एक पंचवीस वर्षांचा तरुण आणि जे वाटत नाही ते बोलायचे नाही हा त्याचा निर्धार. त्या निर्धाराने पांडुरंग सांगवीकर घडला. पुस्तकात त्याच्यावर उपदेशाचा भार नाही, आणि त्याच्या नैराश्याचा गौरवही नाही. तो वाट चुकलेला आहे एवढेच आपल्याला कळते, आणि त्याच्याविषयी माया वाटू लागते.

श्रद्धावान वाचकाने अशा पुस्तकाचे काय करावे? आपल्या पवित्र ग्रंथात ईयोबाचे पुस्तक आहे आणि उपदेशकाचेही आहे. एकात निरपराध माणूस देवाला जाब विचारतो. दुसऱ्यात सारा खटाटोप व्यर्थ आहे असे म्हणणारा आवाज ऐकू येतो. ख्रिस्तसभेने ही पुस्तके बाजूला काढून ठेवली नाहीत. ईयोबाच्या मित्रांनी धर्माची ठरावीक उत्तरे दिली आणि देवाने रागावले ते त्या मित्रांनाच. मनीच्या मृत्यूपुढे पांडुरंग सांगवीकर ज्या तडफडीने उभा राहतो, ती तडफड मला त्या मित्रांच्या उत्तरांपेक्षा प्रार्थनेच्या अधिक जवळची वाटते. संत जॉन हेन्री न्यूमन यांनीही एकोणिसाव्या शतकात विद्यापीठीय शिक्षणाविषयी बोलताना बजावले होते की, मनुष्य पापी असेल तर त्याचे साहित्य निष्पाप असू शकणार नाही. तरुणाला त्यापासून दूर ठेवून आपण त्याला जगाला सामोरे जाण्यास असमर्थ करतो.

दोन्ही पांडुरंगांमध्ये एक दुवा आहे, आणि तो दुःखाचा आहे. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. प्रेमाचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्याचा असा शेवट व्हावा, म्हणून काहींनी त्या तत्त्वज्ञानालाच खोटे ठरवले. मला ते मान्य नाही. अशा माणसाच्या अखेरच्या क्षणांचा न्याय करण्याचा अधिकार ख्रिस्तसभा आपल्याला देत नाही. ती आपल्याला त्याच्यासाठी प्रार्थना करायला सांगते. परंतु यातून साहित्याविषयी एक गोष्ट कळते. लेखकाच्या तत्त्वज्ञानात त्याचे सारे मन मावतेच असे नाही. मुलांसाठी लिहिताना गुरुजींनी जगाचा जो काळोख बहुधा स्वतःजवळच ठेवला, त्याच काळोखाला तेरा वर्षांनी ‘कोसला’ने शब्द दिले, असे म्हणता येईल. खानदेशाला ही दोन्ही पुस्तके लागतात. एक आईच्या मांडीवर वाचायचे, दुसरे घर सोडल्यावर.

या दोघांच्या मध्ये, जळगावजवळच्या असोद्याची लेक बहिणाबाई चौधरी उभी आहे. तिला लिहितावाचता येत नव्हते. तिने ना तत्त्वज्ञान मंदिर पाहिले, ना पुण्याचे महाविद्यालय. ऐन तारुण्यात वैधव्य आलेली ही शेतकरीण जात्यावर आणि शेतात ओव्या रचत गेली. ज्योतिष्याने आपल्या दारी येऊ नये, आपले दैव आपल्याला कळले आहे, असे तिने लेवा बोलीत सुनावले. १९५१ मध्ये तिचे निधन झाल्यावर तिचे चिरंजीव कवी सोपानदेव यांच्यामुळे १९५२ मध्ये ‘बहिणाबाईची गाणी’ प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्र थक्क झाला. जीवनदृष्टी पुस्तकांतूनच येते हा आपला गैरसमज या एका स्त्रीने दूर केला. ती सोसण्यातून येते आणि प्रामाणिक शब्दांत उतरते.

मग श्रद्धा साहित्यात कशी उतरावी? आपल्या परंपरेत याचे उत्तर आहे. देवाच्या शब्दाने मानवी देह धारण केला, ही आपली श्रद्धा. तो देह एका विशिष्ट गावातला, एका विशिष्ट बोलीतला, थकणारा आणि रडणारा होता. विचाराला देह देणे याचा अर्थ त्या देहाच्या मर्यादाही स्वीकारणे. इंग्लंडातून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) रचताना हेच केले. तारणाचा इतिहास सांगण्यासाठी त्यांनी परकी छंदरचना लादली नाही. ज्ञानदेव-एकनाथांची ओवी घेतली. आपल्या ख्रिस्ती असण्यात काही परके आहे असे ज्यांना वाटते, त्यांना देण्याजोगे याहून चांगले उत्तर माझ्याजवळ नाही.

दुसरी गोष्ट स्वातंत्र्याची. परमेश्वराने माणूस घडवला आणि त्याला नाही म्हणण्याची मोकळीक दिली. प्रभू येशूने दाखले सांगितले तेव्हाही तेच दिसते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ रुसून अंगणातच उभा राहतो. बाप त्याची विनवणी करतो. तो आत गेला की नाही, हे प्रभू सांगत नाही. आपल्यापैकी एखाद्या लेखकाने त्या भावाला शेवटच्या परिच्छेदात रडवून, बापाच्या पायांवर घालून आत नेले असते.

आपल्या ख्रिस्ती मराठी कथांतून पात्रांना असे ओढून आत नेण्याची सवय अजून गेलेली नाही. दारुडा बाप एका मिस्सेनंतर सुधारतो, उद्धट सून एका आजारपणानंतर नमते, आणि प्रत्येक फादर हा संतच असतो. याहून मोठी उणीव म्हणजे आपण ‘ती अंघोळ’ गाळतो. बाप्तिस्म्याने आपण सारे एक झालो असे आपण म्हणतो, पण लग्न जुळवताना कोणत्या घरात कोणती चौकशी होते हे प्रत्येक धर्मग्रामाला ठाऊक आहे. भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेतही जातिभेद शिल्लक आहे हे मोकळेपणाने मान्य केले. धर्माधिकाऱ्यांनी जे मान्य केले, ते आपल्या कथाकारांनी मात्र फारसे लिहिलेले नाही. शेजारणीला हात देणारी आणि नंतर वेगळ्या कपात चहा ओतणारी आपली आजी अजून कोणाच्या कथेत आलेली नाही. ती प्रेमळ होती आणि तिचा कपही वेगळा होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

ती लिहायची झाली तर तिच्यावर प्रेम असावे लागेल, म्हणजे तिची टवाळी होणार नाही. आणि सत्यावर त्याहून अधिक प्रेम असावे लागेल, म्हणजे तिची खोटी आरती होणार नाही. तुरुंगाच्या कोठडीत बसून आईची आठवण लिहिणाऱ्या साने गुरुजींपाशी ही दोन्ही होती. आपल्या तरुण लेखक-लेखिकांनी त्यांच्याकडून एवढे जरी घेतले, तरी आपल्या नातवंडांना आपण त्यांच्या पुस्तकांत ओळखू येऊ, आणि आपण ज्या ठिकाणी थांबलो तेथून पुढे कोठे जायचे हेही त्यांना कळेल.